खोक्याच्या फळ्यांची आरामखुर्ची

वाचकहो, आंब्याचा नाहीतर द्राक्षाचा हंगाम सरला की पूर्वी परसात काय पडलेले असायचे, ते आठवून पाहा. देवदारी खोक्यांच्या फळ्यांचा ढीग! आता पुठ्ठ्याची खोकी आली, तरी त्या फळ्या तुमच्यातल्या जाणत्यांच्या डोळ्यांपुढे अजून असतील. पोरे त्यातल्या चार फळ्या पळवून गाडा करीत. एखाद-दुसरी कोंबड्यांच्या खुराड्याला लागे. उरलेल्या साऱ्या बंबात जात. त्या फळ्यांची खुर्ची करून सोप्यावर पाहुण्यांपुढे मांडू, असे कुणी म्हटले असते तर घरच्या कारभारणीने पदर तोंडाला लावून हसू दाबले असते.

एका माणसाने मात्र हे खरोखर केले. तो काही अडाणी नव्हता की विक्षिप्तही नव्हता. चांगला हात बसलेला सुतार होता तो, सुताराचाच मुलगा. १९३४ साली त्याने खोक्याच्या फळ्यांची आरामखुर्ची केली आणि ती एका मोठ्या शहरातल्या नामांकित दुकानात विकायला ठेवली. त्या खुर्चीची आणि तिच्या कर्त्याची ही हकीकत आहे. तुमच्या-आमच्या घरातल्या बैठकीशी तिचा काय संबंध, ते शेवटी पाहू.

हा माणूस नेदरलँड्सचा, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो त्या देशाचा. हा देश आपल्याला अगदीच परका नाही. तुमच्या गोठ्यात काळी-पांढरी एचएफ गाय असेल तर तिचे मूळ घराणे त्याच बाजूचे. फ्रिजियन हे नाव त्या देशाच्या फ्रीसलँड प्रांतावरून पडले. समुद्राला बांध घालून, पाणी उपसून शेतजमीन काढणाऱ्या लोकांचा तो देश. अशा लोकांना काटकसर शिकवावी लागत नाही.

सुताराचा मुलगा

त्याचे नाव गेरिट रीटफेल्ट. जन्म २४ जून १८८८, गाव उट्रेख्त. बापाचा सुतारकामाचा कारखाना होता. घर धर्मनिष्ठ, शिस्तीचे. पोरगा अकरा-बारा वर्षांचा झाला तशी त्याची शाळा सुटली आणि बापाच्या हाताखाली रंधा ओढायला लागला. आपल्याकडे बलुतेदाराचे पोर जसे आपोआप वाकस उचलते, तसेच हे.

बाप करी ती खुर्ची-कपाटे जुन्या धाटणीची असत. भरपूर नक्षी, वळणदार पाय, जड लाकूड. गिऱ्हाइकाला तेच हवे असे. हे काम गेरिटच्या हाताला बसले, पण मनाला नाही. दिवसा काम करावे आणि रात्री शिकायला जावे, असा क्रम त्याने धरला. काही वर्षे उट्रेख्तमधल्या एका सोन्या-चांदीच्या पेढीत तो नक्षीचे नकाशे काढीत होता. रात्रीच्या वर्गात घरबांधणीचे आराखडे शिकत होता. १९११ मध्ये त्याचे लग्न झाले. पुढे सहा मुले झाली. म्हणजे पोटामागे धावणे त्यालाही चुकलेले नव्हते.

१९१७ साली, एकोणतीस वर्षांचा असताना, त्याने स्वतःचा कारखाना काढला. आता सांगणारे कुणी नव्हते. मनात साठलेले बाहेर येण्याची वेळ आली होती.

काठ्या आणि खुंट्या

आपल्या गावच्या सुताराला विचारा, खुर्चीत सगळ्यात नाजूक जागा कोणती? तो सांगेल, सांधा. एका लाकडाला भोक पाडायचे, दुसऱ्याला कुसू काढायचे आणि ते त्यात ठोकून बसवायचे. काम कौशल्याचे, पण वेळखाऊ. शिवाय भोक पाडले की लाकूड तेवढे कमजोर होते.

रीटफेल्टने विचार केला, लाकडात लाकूड घुसवायचेच कशाला? एक काठी दुसरीला लागून पुढे जाऊ द्यावी, तिसरी त्या दोघींना लागून तिसऱ्याच दिशेने जाऊ द्यावी, आणि जिथे त्या एकमेकींना टेकतात तिथे आतून लाकडी खुंटी मारून जखडाव्यात. एक काठी उभी, एक आडवी, एक पुढून मागे जाणारी. प्रत्येकीचे टोक सांध्याच्या थोडे पुढे आलेले. कुणी कुणाला कापलेले नाही, तरी तिघी मिळून भार पेलतात. चांगल्या एकत्र कुटुंबासारखेच म्हणा ना!

अशा डझन-सव्वा डझन चौकोनी काठ्या, दोन सपाट हात, आणि बसायला व टेकायला दोन साध्या फळ्या. एवढ्यावर त्याने १९१८ च्या सुमारास एक आरामखुर्ची उभी केली. गादी नाही, नक्षी नाही, वळण नाही. वखारीत यंत्रावर कापून मिळतात त्याच मापाच्या काठ्या वापरायच्या, म्हणजे कुणालाही करता यावी, हा हेतू. पहिली खुर्ची बिनरंगाची होती. पुढे १९२३ च्या सुमारास तिला रंग चढला. पाठ लाल, बैठक निळी, काठ्या काळ्या, आणि कापलेली टोके पिवळी. आज जगभर ती ‘लाल-निळी खुर्ची’ म्हणून ओळखली जाते.

त्याच काळात, १९१७ मध्ये, हॉलंडमध्ये काही चित्रकार आणि शिल्पी मंडळींनी ‘दे स्टाइल’ नावाचे मासिक काढले होते. सरळ रेषा, मोकळ्या जागा आणि लाल, निळा, पिवळा हे मूळ रंग, एवढ्यावरच नवी कला उभी करायची, असा त्यांचा ध्यास. चित्रकार मोंड्रियान त्यांच्यातलाच. त्यांना ही खुर्ची दिसली तेव्हा आपण जे कागदावर मांडतो ते या सुताराने लाकडात करून दाखवले, असे त्यांना वाटले. १९१९ मध्ये तिची माहिती त्यांच्या मासिकात छापून आली आणि रीटफेल्ट त्या मेळ्यात ओढला गेला.

खरे बोलायचे तर ही खुर्ची सर्वांच्या सोयीची नाही. तिची बैठक जमिनीपासून जेमतेम ३३ सेंटिमीटर उंच, म्हणजे एक फूट एक इंच. गुडघे धरलेल्या माणसाने बसावे आणि उठवायला दोघांना हाक मारावी. पण खुर्ची म्हणजे काय, याचा पुन्हा मुळापासून विचार करता येतो, एवढे तिने जगाला दाखवले.

श्रोडरबाईंचे घर

१९२४ मध्ये एका बाईंनी रीटफेल्टला घर बांधायला सांगितले. ट्रूस श्रोडर त्यांचे नाव. पतीचे आदल्याच वर्षी निधन झालेले, पदरी तीन मुले. मुलांना वेगवेगळ्या खोल्यांत कोंडायचे नाही, सगळ्यांनी मिळून वावरायचे, अशी बाईंची इच्छा. रीटफेल्टपाशी घरबांधणीची पदवी नव्हती. पण बाईंना काय हवे ते त्याला समजले. दोघांनी मिळून आराखडा केला.

त्या घराचा वरचा मजला दिवसा एकच मोठी मोकळी खोली असे. रात्री सरकत्या भिंती ओढल्या की निजायच्या वेगळ्या खोल्या तयार! थोडक्या जागेत मोठे कुटुंब कसे नांदवावे, याचा हा उत्तम धडा. त्या वेळी हे घर गावाच्या अगदी कडेला होते, खिडकीतून सपाट मोकळे रान दिसे. पुढे १९६० च्या दशकात घरासमोरून मोठा रस्ता गेला आणि ते दृश्य हरपले. श्रोडरबाई मात्र १९८५ मध्ये निधन होईपर्यंत त्याच घरात राहिल्या. २००० साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत या घराला स्थान दिले.

घरबांधणीत रमल्यावर रीटफेल्टने सुतारकामाचा कारखाना आपल्या हाताखाली तयार झालेल्या गेरार्ड व्हान दे ग्रूनेकान या तरुणाच्या स्वाधीन केला. हा ग्रूनेकान पोरसवदा असताना कामाला आला होता. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे मालकाने सुचवावे आणि याने घडवावे, असे चालले. मोठ्या नावामागे असा एखादा अबोल कारागीर बहुधा असतोच. त्याला विसरू नये.

मंदीचे दिवस

आता आपल्या खोक्याच्या खुर्चीकडे येऊ.

१९२९ मध्ये अमेरिकेत शेअरबाजार कोसळला आणि जगभर मंदी पसरली. तिची झळ आपल्या खेड्यांनाही लागली होती. कापसाचे आणि धान्याचे भाव पार खाली गेले आणि सावकारांच्या वह्या भरल्या. जुन्या माणसांच्या तोंडून त्या दिवसांच्या गोष्टी तुमच्यापैकी काहींनी ऐकल्या असतील. हॉलंडमध्येही हजारो हात रिकामे झाले. कारखाने थंडावले. नवे घर मांडणाऱ्या तरुण जोडप्याला चार खुर्च्या घेणे जड जाऊ लागले.

अशा वेळी, १९३४ मध्ये, रीटफेल्टने माल भरायच्या खोक्यांचे लाकूड हाती घेतले. हलके, स्वस्त, गाठी असलेले लाकूड. सुतार ज्याला हात लावायचा नाही असले. सरळ कापलेल्या फळ्या एकमेकींवर ठेवून त्याने स्क्रूने आवळल्या. फळीचेच पाय, फळीचीच बैठक, फळीचीच पाठ, आणि दोन बाजूंना फळीचेच रुंद सपाट हात. त्या हातावर चहाचा पेला ठेवावा, वर्तमानपत्र ठेवावे. फळ्याफळ्यांत फट राखलेली. कुठे कुसू नाही, सरस नाही, वळण नाही. सांधा कसा केला आहे ते लहान मुलालाही पाहताक्षणी कळावे. त्याच धर्तीवर छोटे टेबल आणि पुस्तकांची मांडणीही त्याने केली.

यातली आणखी एक युक्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. आम्स्टरडॅममधल्या ‘मेट्झ’ या मोठ्या दुकानाने ही खुर्ची विकायला घेतली, ती सुट्या भागांत. फळ्या कापून, भोके पाडून तयार आणि सोबत स्क्रू. गिऱ्हाइकाने घरी न्यावे आणि स्वतः जोडावे. बांधणावळ वाचली, वाहतुकीत जागा कमी लागली, किंमत उतरली. आज शहरांतल्या मोठमोठ्या दुकानांतून घरी नेऊन जोडायचे फर्निचर खपते. त्या वाटेने जे आरंभी चालले त्यांच्यात या खोक्याच्या खुर्चीला धरावे लागेल.

नाक मुरडणारे आणि त्यांना उत्तर

लोकांनी काय म्हटले असेल, त्याचा अंदाज तुम्हाला आला असेलच. एवढा नाव कमावलेला माणूस आणि खोकी विकतो! याला काय कारागिरी म्हणायची?

रीटफेल्टने यावर दिलेले उत्तर मार्मिक होते. त्याचा आशय असा. उत्तम लाकडाची, जुन्या रीतीने मेहनतीने केलेली महागडी खुर्ची तुम्ही दूरगावी पाठवता. वाटेत तिला धक्का लागू नये म्हणून ती खोक्यात घालता. म्हणजे धक्के कोण खाते? खोके. भार कोण सोसते? खोके. आतल्या नाजूक खुर्चीला सांभाळते ते बाहेरचे खोके. तरी या खोक्यातही सुतारकाम आहे, साधे, नेमके, कामाचे, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. मग ज्या जोडणीवर तुमच्या मौल्यवान वस्तूचा भरवसा, ती जोडणी माणसाला बसायला का चालू नये?

वाचकहो, हे उत्तर नुसत्या खुर्चीपुरते नाही. जो राबतो, ओझे वाहतो, त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसते आणि जो मिरवतो त्याला मान मिळतो. ही रीत लाकडात आहे तशी माणसांतही आहे. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्याच सुमारास त्याने आणखी एक नवल केले. चार सपाट फळ्या घेऊन नागमोडी जोडल्या. एक जमिनीवर, एक तिरपी, एक बसायला, एक पाठीला. मागचे-पुढचे पाय असा प्रकारच नाही. ती पाहून कुणालाही वाटावे, बसलो की मोडणार. पण कोपऱ्यांत तिकोनी लाकडी ठोकळे आणि स्क्रू बसवून सांधे असे पक्के केलेले की मोठा माणूस बसला तरी खुर्ची हलत नाही. तिचे नावच ‘झिग-झॅग’.

पडते दिवस

पुढे युद्ध आले. १९४० मध्ये जर्मनांनी हॉलंड व्यापले. कलावंतांनी आणि घरे बांधणाऱ्यांनी नाझींच्या संस्थेत नाव नोंदवावे, नाहीतर काम बंद, असा हुकूम निघाला. रीटफेल्टने नाव नोंदवले नाही. त्यामुळे त्याला उघडपणे धंदा करता येईना. पन्नाशी उलटलेली, घरात मोठा संसार. सही केली असती तर काम मिळाले असते. त्याने ती केली नाही. त्याच्या खुर्च्यांइतकीच ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९४५ मध्ये युद्ध संपले तेव्हा देशाची दैना झालेली होती. घरांची टंचाई, लाकडाची टंचाई, पैशाची टंचाई. १९४६ मध्ये तिथे ‘खूत वोनेन’ नावाची संस्था निघाली. या शब्दांचा अर्थ ‘चांगले राहणे’. घर चालवणाऱ्या बाया-माणसांपासून फर्निचर करणारे आणि विकणारे यांच्यापर्यंत सगळे तिच्यात. लहान घरात जड नक्षीदार कपाटे कशाला कोंबता? हलके, साधे, धुता-पुसता येईल असे सामान घ्या, असे तिचे सांगणे. ती नमुन्याची घरे सजवून दाखवी, मासिक काढी. सगळ्यांना ते पटले असे नाही. आम्ही कसे राहावे हे तुम्ही कोण सांगणार, असे म्हणणारेही होतेच. पण रीटफेल्ट जे पूर्वी एकटा सांगत होता, ते आता पुष्कळांच्या तोंडी आले.

नांगर नावाची गिरणी

या काळात त्याच्या हातून जी कामे झाली, त्यातली दोन शेतकऱ्याने ऐकावी अशी आहेत.

दक्षिणेकडे बेर्खाइक नावाचे गाव आहे. तिथे एक विणकाम गिरणी होती. तिचे नाव ‘दे प्लूख’, म्हणजे चक्क ‘नांगर’! सहकाराच्या तत्त्वावर काही ध्येयवादी माणसांनी ती सुरू केली होती. पडद्यांचे आणि खुर्च्यांवरचे तिचे कापड देशभर नावाजले गेले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस या गिरणीची नवी इमारत रीटफेल्टने बांधली. छपराला करवतीसारखे दाते, आणि त्या दात्यांतून उत्तरेचा शांत उजेड आत येई. त्यामुळे विणकराच्या डोळ्यांवर ऊन येत नसे. कामगाराच्या डोळ्यांचा विचार छपरापासून करणारा हा माणूस.

दुसरे काम नाखेले या गावाचे. समुद्राचे पाणी हटवून, १९४२ मध्ये कोरड्या केलेल्या प्रदेशात ते वसवले. शेतकरी आणि शेतमजूर यांच्यासाठीच. त्याचा आराखडा करणाऱ्या नव्या विचारांच्या मंडळींत रीटफेल्टही होता. साऱ्या घरांची छपरे सपाट, मध्ये मोकळे हिरवे माळ, भोवती वाऱ्याला अडवणारी झाडांची रांग. उघड्या रानात वारा काय करतो हे ज्यांना ठाऊक, त्यांना त्या झाडांचे मोल कळेल.

बापाचे लाकूड, लेकाचा पत्रा

रीटफेल्टच्या मुलांपैकी विम हा १९२४ चा, म्हणजे श्रोडरबाईंच्या घराचा वारगीचा. त्यानेही खुर्च्याच केल्या, पण त्याचे मन लाकडापेक्षा लोखंडी पत्र्यात आणि नळीत रमले. १९५० च्या दशकात तो ‘गिस्पेन’ या कारखान्यासाठी काम करू लागला. काळच बदलला होता. सुताराने एकेक खुर्ची घडवावी आणि देशातल्या शाळांनी वाट पाहावी, हे आता जमणारे नव्हते.

याच काळात फ्रीसो क्रामर नावाच्या दुसऱ्या कारागिराने पातळ पत्रा दुमडून खुर्चीचे पाय करण्याची रीत काढली. पातळ पत्रा वाकतो, पण त्याला घडी घातली की तो ताठ होतो. आपल्या घरावरच्या पन्हळी पत्र्याचे रहस्य हेच. १९५३ मधली त्याची ‘रिव्होल्ट’ खुर्ची अशीच. पुढे १९५८ मध्ये क्रामर आणि विम रीटफेल्ट यांनी मिळून ‘रिझल्ट’ नावाची खुर्ची केली. ती हॉलंडच्या शाळाशाळांतून गेली. कित्येक पिढ्यांची पोरे तिच्यावर बसून पाढे शिकली.

बाप-लेकांनी मिळूनही एक खुर्ची केली. १९५७ ची ‘मोंडियल’. बापाच्या झिग-झॅगची आठवण करून देणारी, पण लेकाच्या साहित्यात घडवलेली. ब्रसेल्सला १९५८ मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी ती होती. तीन पिढ्यांचा हा प्रवास पाहा. आज्याची नक्षी, बापाची फळी, नातवाचा पत्रा. धंदा तोच, पण प्रत्येकाने आपल्या काळाला काय हवे ते ओळखले.

१९६३ मध्ये, पंचाहत्तरीत, रीटफेल्टने हेग शहरातल्या एका जवाहिऱ्याच्या दुकानासाठी शेवटची खुर्ची केली. १९६४ मध्ये डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाने त्याला सन्मानाची डॉक्टर पदवी दिली. अकरा-बाराव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाला! त्याच वर्षी, शहात्तरावा वाढदिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी, २५ जूनला, तो वारला. आम्स्टरडॅमचे व्हॅन गॉग संग्रहालय त्याच्याच आराखड्यावरून उभे राहून १९७३ मध्ये उघडले. ते पाहायला तो नव्हता.

गरिबाची खुर्ची काचेआड

आता या कथेतली खरी बोच सांगतो. जी खुर्ची मंदीत गांजलेल्या कुटुंबासाठी, स्वस्तात स्वस्त लाकडाची केली, ती आज कुठे आहे? संग्रहालयात, दोरी लावून. हात लावू नये अशी पाटी. त्या काळच्या मूळ खुर्च्या लिलावात निघाल्या की श्रीमंत संग्राहक त्यांच्यावर बोली लावतात. लाल-निळी खुर्ची करण्याचे हक्क १९७० च्या दशकाच्या आरंभी इटलीतल्या एका नामांकित कंपनीकडे गेले. ती आजही निघते, पण सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशी नव्हे.

खरे म्हणजे त्या काळीही अशा खुर्च्या घेणारे बहुतेक शिकलेले, बऱ्या परिस्थितीतले लोकच होते. गरिबाला मात्र नक्षीदार, जड, ‘खानदानी’ दिसणारीच खुर्ची हवीशी वाटे. त्याचे काय चुकले? ज्याने आयुष्यभर खोकी वाहिली, त्याला घरी येऊनही खोक्यावरच बसायची हौस कुठून असणार? साधेपणा हौसेने पत्करणे वेगळे आणि नाइलाजाने नशिबी येणे वेगळे. रीटफेल्टच्या विचारात ही फट राहून गेली, असे मला वाटते.

तरीही तो हरला असे मी म्हणणार नाही. कारण त्याच्या खुर्चीत लपवलेले काही नाही. पाहिली की करता येते. तिची मापे आणि आकृत्या देणारे पुस्तकही हॉलंडमध्ये निघाले. संग्रहालयातली खुर्ची विकत घेता येत नसेल, पण तिची रीत कुणाच्या बापाची नाही.

आपल्या घरी करायची तर

कुणाला हात चालवून पाहावासा वाटला तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. खोके किंवा लाकडी पॅलेट कशाचे आहे ते आधी पाहा. औषध-फवारणीचे डबे, खते, रसायने ज्यात आली, त्या फळ्यांना घरात जागा नाही. परदेशी मालाच्या लाकडावर शिक्का असतो. त्यावर ‘एच-टी’ ही इंग्रजी अक्षरे असली तर ते लाकूड उष्णतेने किडमुक्त केलेले, ते चालेल. ‘एम-बी’ असेल तर विषारी धुरी दिलेले, त्याला हात लावू नका.

फळी बोटभर जाड तरी हवी. जुने खिळे एकूणएक काढा, नाहीतर रंध्याचे पाते जाईल. सावलीत वाळू द्या. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरा आणि स्क्रूच्या आधी बारीक भोक पाडा, म्हणजे टोकाशी फळी चिरणार नाही. बैठक किंचित मागे कललेली ठेवा. घरात वडीलधारी माणसे असतील तर ती सतरा-अठरा इंच उंच घ्या, हॉलंडच्या खुर्चीएवढी ठेंगणी नको. हाताच्या फळ्या रुंद ठेवा, उठताना त्यांवर भार देता येतो. कडा पॉलिश-कागदाने घासा आणि जवसाच्या तेलाचे दोन हात द्या. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नका, पसरून वाळवा. त्या आपोआप पेट घेतात.

आणि शक्य असेल तर हे काम गावच्या सुताराला सोबत घेऊन करा. लोखंडी नांगर आला, रबरी टायरची गाडी आली, तयार दारे आली आणि त्याचे हात रिकामे होत गेले. पण सांधा कुठे बसेल आणि कुठे चिरेल, हे त्याच्या बोटांना अजून ठाऊक आहे. पोरांना त्याच्या शेजारी बसू द्या. उट्रेख्तचा तो पोरगाही असाच बापाशेजारी बसून शिकला होता.

शेवटी एकच विचारतो. आपल्या किती घरांत लग्नात आलेला सोफा प्लॅस्टिकच्या आवरणात झाकलेला असतो? पाहुणा आला की आवरण निघते, पाहुणा गेला की चढते. घरातली माणसे मात्र उन्हातून येऊन उंबऱ्यावर टेकतात. खुर्ची पाहुण्याच्या डोळ्यांसाठी की घरच्या माणसाच्या पाठीसाठी? सुताराच्या त्या पोराने जन्मभर हेच विचारले. आज संध्याकाळी घरचा कर्ता माणूस रानातून येईल, घरची लक्ष्मी भांगलून येईल, तेव्हा टेकायला त्यांना काय देता, ते पाहा. मग ते खोक्याच्या फळ्यांचे का असेना.